चिन्ह आणि माणूस : कृष्णधवल व्यक्तिचित्रे पाहण्याआधी

१९४६ साली ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींना भेटायला गेल्या. गांधीजींचा मुक्काम तेव्हा डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात होता. फोटो काढायचे असतील तर आधी सूत कातायला शिका, अशी अट बर्क-व्हाइट यांना घालण्यात आली आणि त्यांनी ती पाळली. गांधीजींना प्रखर उजेड सोसत नसे, म्हणून फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्यातून जे छायाचित्र हाती आले ते गांधीजींच्या सर्वांत ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक ठरले.

त्यात चरखा पुढे आहे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. गांधीजी त्याच्या मागे बसले आहेत. उघडे अंग, नाकावर चष्मा, मान खाली, हातात कागद. खिडकीतला उजेड खोलीत आला आहे. नीट पाहिले तर कळते की त्या क्षणी ते कातत नाहीत, वाचत आहेत. तरीही जगाने हे चित्र चरख्यासकट लक्षात ठेवले. चरख्याला ही जागा देताना छायाचित्रकर्तीने बाहेरून काही आणले नव्हते. चरखा गांधीजींच्या रोजच्या वापरातला होता आणि त्याला आलेला अर्थ त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे कातून कमावला होता. कॅमेरा कोठे लावायचा, उजेड कोणता घ्यायचा आणि चौकटीत चरखा किती मोठा दिसू द्यायचा, एवढे मात्र बर्क-व्हाइट यांनी ठरवले. १९४६ मध्ये ‘लाइफ’ने हे चित्र लहान आकारात छापले. ३० जानेवारी १९४८ च्या हत्येनंतर श्रद्धांजलीच्या पानांत तेच चित्र मोठे झाले. चित्रातली एक रेघही बदलली नव्हती, पाहणाऱ्यांची मने बदलली होती, आणि निवांत वाचनाचे चित्र शोकाचे चित्र झाले.

कृष्णधवल व्यक्तिचित्रांविषयी जे प्रश्न मनात येतात ते सगळे या एका उदाहरणात आहेत. साधी वस्तू चिन्ह कधी होते? चित्राचा भाव उजेडात असतो, चेहऱ्यात असतो की पाहणाऱ्याच्या मनात? आणि चिन्ह मोठे झाले की त्यातल्या माणसाचे काय होते? तिसरा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो : माणसाची नोंद म्हणून काढलेल्या छायाचित्रात चिन्ह त्या माणसाच्या जगण्यातून आलेले असावे, आणि चिन्हाचा अर्थ लावून झाल्यावरही माणूस शिल्लक राहावा. ज्या चित्रात तो राहत नाही ते कितीही देखणे असले तरी अपुरे आहे.

प्रथम विषयाची हद्द आखू. स्टुडिओत जाऊन काढून घेतलेला फोटो आणि डॉक्युमेंटरी व्यक्तिचित्र यांत मोठा फरक आहे. स्टुडिओत माणूस स्वतः पैसे देतो, पडदा निवडतो, केस विंचरतो आणि आपण कसे दिसावे ते बरेचसे स्वतः ठरवतो. डॉक्युमेंटरी व्यक्तिचित्रात छायाचित्रकार माणसाच्या जागी जातो. खाणीत, शेतात, गिरणीत, झोपडीत, रस्त्यावर. तो चित्र काढतो ते त्या माणसाच्या घरच्या भिंतीसाठी नव्हे, तर अनोळखी वाचकांसाठी. म्हणूनच इथे छायाचित्रकाराची सत्ता मोठी असते आणि जबाबदारीही मोठी असते. चित्रातला माणूस बहुधा गरीब असतो आणि ते चित्र कोठे छापले जाणार, कोण पाहणार, हे त्याला क्वचितच कळते.

आता काळ्या-पांढऱ्याविषयी. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. उजेड पडला की त्या क्षारांत बदल होतो आणि डेव्हलपरमधून काढल्यावर तिथे काळी चांदी उरते. जिथे उजेड जास्त, तिथे निगेटिव्ह जास्त काळी; कागदावर प्रिंट काढताना हे उलटते. रंग नाहीसा होतो आणि उरतो तो फक्त उजेडाचा कमीजास्तपणा. पण कोणता रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल हे निसर्गाने ठरवलेले नसते, ते रसायन ठरवते. एकोणिसाव्या शतकातल्या कोलोडियनच्या काचांना निळा उजेड दिसे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसत नसे. म्हणून जुन्या चित्रांत आकाश कोरे पांढरे दिसते आणि लाल वस्त्र काळे. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला हिरवा कळू लागला, तांबडा तरीही नाही. विसाव्या शतकात पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली तेव्हा कुठे सगळे रंग आपापल्या उजळपणाच्या जवळपास उतरू लागले.

या रसायनाचा परिणाम थेट अर्थावर होतो. कपाळावरचे लाल कुंकू एका फिल्मवर काळे उतरते, दुसऱ्या फिल्मवर करडे, आणि तांबडा फिल्टर लावला तर इतके फिके की दिसेनासेच व्हावे. जेजुरीचा भंडारा जुन्या काचेवर काळसर उतरला असता, आजच्या फिल्मवर तो धुळीसारखा उजळ दिसतो. पिवळा मात्र कोठेच दिसत नाही. हिरव्या बांगड्या आणि लाल काठ एकाच करड्यात मिसळून जातात. आपल्याकडे रंगालाच अर्थ असतो, आणि कृष्णधवल चित्र तो अर्थ सरळ काढून घेते. त्या बदल्यात ते दुसरे काही पुढे आणते. कापडाचा विरलेला पोत, हातावरच्या शिरा, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, पाठीमागच्या भिंतीची ओल, नजरेचा रोख. रंग असताना डोळा आधी रंगाकडे जातो. रंग नसला की डोळा चेहऱ्यावर आणि हातांवर थांबतो.

कृष्णधवल चित्रातले चिन्ह जड वाटते त्याचे कारण हेच आहे. दोरी, कुदळ, काठी, झाडू, टोपी, पोराचा हात यांना रंगाचा आधार नसतो. त्यांना केवळ आकार आणि छाया यांच्या बळावर उभे राहावे लागते. आकार ठसठशीत झाला की त्याला अर्थ चिकटू लागतो. शिवाय रंगीत चित्र आपल्याला ठरावीक दिवसाचे वाटते, तर कृष्णधवल चित्र काळापासून थोडे सुटलेले वाटते. हा त्याचा मोठा गुण आहे आणि मोठा धोकाही. कालच्या मजुराचे चित्र पाहताना आपण सहज म्हणतो, ‘हे असेच चालत आले आहे.’ पण त्या मजुराची मजुरी कोणीतरी विशिष्ट माणसाने विशिष्ट वर्षी ठरवलेली असते.

भाव कसा घडतो हेही इथेच पाहून घेऊ. पडवीतला मऊ उजेड चेहऱ्यावर सारखा पसरतो आणि माणूस निवांत वाटतो. बाजूच्या एकाच खिडकीतला उजेड अर्धा चेहरा अंधारात ठेवतो आणि मनात काही दडले आहे असे वाटू लागते. कॅमेरा खालून लावला की माणूस आभाळाला टेकतो, वरून लावला की तो जमिनीत दबतो. प्रिंट काढताना डार्करूममध्ये हाताच्या सावलीने चेहरा उजळ ठेवता येतो आणि कडांना जास्त उजेड देऊन त्या काळ्या करता येतात. एकाच निगेटिव्हमधून सौम्य प्रिंटही निघते आणि भेदकही. तेव्हा चित्रातली उदासी त्या माणसाची किती आणि डार्करूमची किती, हे विचारण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे.

उजेड मोजण्यातही नीती आहे. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे सगळे दृश्य मधल्या करड्या छटेचे आहे असे धरून चालते. पांढरे धोतर, पांढरी टोपी आणि भर दुपारचे ऊन यांच्यावर मीटर विसंबले तर सावळा चेहरा काळ्या डागासारखा उतरतो आणि डोळे टोपीच्या सावलीत हरवतात. चेहऱ्याजवळ जाऊन तिथला उजेड मोजला, कपडे थोडे जास्त उजळले तरी चालतील असे ठरवले, तर चेहरा वाचता येतो. पहिल्या पद्धतीत ‘उन्हातला शेतकरी’ हाती येतो. दुसऱ्या पद्धतीत एक ठरावीक माणूस हाती येतो.

माणसाऐवजी नमुना पाहण्याची सवय कॅमेऱ्याला फार लवकर लागली, आणि तिची एक महत्त्वाची साक्ष मुंबईत आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या वर्तुळात विल्यम जॉन्सन होते, तसेच भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि पाठीमागचे दृश्य दुसऱ्याच छायाचित्रातून आणून जोडलेले आहे. पोशाख, पगडी, दागिने, हातातली वस्तू हे सगळे काळजीपूर्वक दाखवले आहे, कारण त्यांवरून जात ओळखायची आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. १८५७ च्या उठावानंतर आपण कोणावर राज्य करतो हे जाणून घेण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटत होती. या ग्रंथांत चित्राखाली बहुधा जातीचे किंवा जमातीचे नाव येते. माणसाचे येत नाही. वस्तू इथेही चिन्ह झाल्या आहेत, पण त्या माणसाचे काही सांगत नाहीत. ते चिन्ह माणसाला खणात ठेवण्यासाठी आहे.

माणसांची वर्गवारी करूनही माणूस राखता येतो का, या प्रश्नाचे सर्वांत गंभीर उत्तर जर्मनीच्या आउगुस्ट झांडर यांनी दिले. त्यांचा जन्म १८७६ चा. लहानपणी खाणीत काम केले, पुढे कोलोन शहरात स्टुडिओ काढला. आपल्या काळातल्या समाजाचा संपूर्ण चित्रसंग्रह करायचा, असा त्यांचा संकल्प होता. शेतकरी, कारागीर, स्त्रिया, व्यावसायिक, कलावंत, शहर आणि शेवटी समाजाने कडेला टाकलेली माणसे, असे त्याचे सात गट. १९२९ मध्ये साठ चित्रांचे पहिले पुस्तक निघाले आणि त्याला कादंबरीकार आल्फ्रेड डब्लिन यांची प्रस्तावना होती. झांडर माणसांना त्यांच्या जागी, त्यांच्या कपड्यांत, मोठ्या कॅमेऱ्यासमोर स्थिर उभे करत. १९२८ च्या एका चित्रात बांधकामावरचा मजूर खांद्यांवर विटांची रास घेऊन उभा आहे. मागे गडद अंधार आहे, विटांचा भार सममित आहे आणि मधोमध चेहरा सरळ आपल्याकडे पाहतो आहे. ओझे हे श्रमिकाचे चिन्ह आहेच, पण त्या चेहऱ्यावर ओझ्याची तक्रार नाही. तो आपल्याला जोखतो आहे. दुसऱ्या एका चित्रात मिठाई बनवणारा गोल अंगाचा आचारी पांढऱ्या कोटात, भांडे आणि पळी घेऊन उभा आहे, आणि राजाने राजदंड धरावा तशी त्याने पळी धरली आहे.

या चित्रांत भाव उसना आणलेला नाही. उजेड शांत आहे, चौकट साधी आहे, आणि माणसाला स्वतःला सावरायला पुरेसा वेळ दिलेला आहे. नाझी राजवटीला हे रुचले नाही. एकाच सुबक वंशाचे चित्र हवे असलेल्या सत्तेला इतके निरनिराळे जर्मन चेहरे नको होते. १९३६ मध्ये उरलेल्या प्रती जप्त झाल्या आणि छपाईचे ठोकळे नष्ट करण्यात आले. झांडर यांचा मुलगा एरिख राजकीय कैदी म्हणून तुरुंगात गेला आणि १९४४ मध्ये तिथेच वारला. बापाने संग्रह थांबवला नाही. त्यात नाझी सैनिकही आले, छळ झालेले ज्यूही आले, राजकीय कैदीही आले, आणि सर्वांना तोच शांत उजेड मिळाला.

पण झांडर यांच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रातही वर्गवारीची मर्यादा दिसते. १९१४ चे ते चित्र आहे. काळे सूट, हॅट आणि काठ्या अशा थाटातले तीन तरुण चिखलाळ वाटेवर थबकून मागे वळून पाहत आहेत. चित्र ‘तरुण शेतकरी’ या नावाने जगभर गेले. पुढे शोध घेतला तेव्हा कळले की हे तिघे शेतकरी नव्हते. त्यांची नोकरी खाणीशी बांधलेली होती. त्यांतला एक महायुद्धात मारला गेला. नाव कळले आणि चित्र बदलले. एका पिढीचे चिन्ह असलेले हे तिघे पुन्हा तीन स्वतंत्र माणसे झाले, आणि माझ्या मते त्यामुळे चित्राचे वजन वाढलेच.

चिन्हाने माणसाला गिळल्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग या छायाचित्रकार कॅलिफोर्नियात सरकारी कामगिरी आटोपून घरी निघाल्या होत्या. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी त्यांना दिसली. त्या पुढे निघून गेल्या आणि बऱ्याच अंतरावरून परत फिरल्या. पीक गोठून गेले होते आणि मजूर उपाशी होते. तंबूत मुलांसह बसलेल्या बत्तीस वर्षांच्या एका आईची त्यांनी थोडीशी चित्रे काढली. शेवटच्या चित्रात दोन मुलांनी चेहरे फिरवून आईच्या खांद्यांत लपवले आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे, आईची बोटे गालाशी आहेत आणि नजर कुठेतरी दूर लागली आहे. मुलांचे चेहरे दिसत नसल्यामुळे सगळा भार आईच्या कपाळावरच्या आठ्यांवर आणि त्या एका हातावर येतो. चर्चमधल्या मेरीच्या आणि बाळाच्या चित्रांशी पाश्चात्त्य प्रेक्षकांनी ते लगेच जोडले. वृत्तपत्रात चित्रे आल्यावर सरकारने छावणीकडे अन्न पाठवले, पण तोवर हे कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते.

लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होते हे जगाला १९७८ मध्ये कळले. ती चेरोकी या मूळ अमेरिकी समाजातली होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिचा चेहरा अमेरिकेतल्या साऱ्या महामंदीचा चेहरा म्हणून वावरत होता. तिने स्वतः मात्र हे चित्र काढले नसते तर बरे झाले असते असे सांगितले. त्यातून तिला काही मिळाले नव्हते. लँग यांचा हेतू चांगला होता, त्यांचे चित्र थोर आहे आणि त्याने देशाचे लक्ष भुकेकडे वळवले, यात शंका नाही. पण त्या माणसाचे काय झाले, हा प्रश्नही त्या चित्राबरोबर कायमचा जोडला गेला आहे, आणि तो टाळून त्या चित्राचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे नाही.

लँग ज्या सरकारी विभागासाठी काम करत होत्या त्याच विभागात १९४२ मध्ये गॉर्डन पार्क्स हे कृष्णवर्णीय छायाचित्रकार आले. वॉशिंग्टनमध्ये दुकानांत, उपाहारगृहात, थिएटरमध्ये त्यांना कातडीच्या रंगावरून अपमान सोसावा लागला. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांच्या सल्ल्याने त्यांनी विभागाच्याच इमारतीत सफाई करणाऱ्या एला वॉटसन यांच्याशी बोलायला सुरुवात केली आणि त्यांची कहाणी ऐकली. मग त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर उभे केले, एका हाताशी झाडू आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचे कुंचे. ग्रँट वुड यांच्या १९३० च्या प्रसिद्ध चित्राची रचना त्यांनी मुद्दाम उचलली होती. इथे चिन्ह उघडपणे मांडलेले आहे आणि ते आरोपपत्रासारखे वाचता येते. तरी ते खोटे वाटत नाही, कारण झाडू वॉटसन यांचाच आहे, देशही त्यांचाच आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे पार्क्स तिथे थांबले नाहीत. ते वॉटसन यांच्या घरी गेले, नातवंडांबरोबर, जेवणाच्या टेबलाशी, चर्चमध्ये त्यांची चित्रे काढत राहिले. ती मालिका पाहिली की ध्वजासमोरचे ते चित्र एका संपूर्ण आयुष्याचा भाग होते.

चिन्ह बाहेरून आणून बसवले तर काय होते, याचे उदाहरण यूजीन स्मिथ यांचे आहे. त्यांच्याइतक्या ताकदीने काळा रंग वापरणारे छायाचित्रकार थोडे. १९५४ मध्ये ‘लाइफ’मध्ये त्यांनी आफ्रिकेत लाम्बारेने इथे रुग्णालय चालवणाऱ्या आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावर चित्रमालिका केली. पहिल्या चित्रात खालच्या कोपऱ्यात करवतीची मूठ आणि एक हात यांच्या काळ्या आकृत्या दिसतात. श्रम आणि सेवा यांचे ते चिन्ह आहे, आणि रचनेत ते चपखल बसते. पण ते दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून डार्करूममध्ये जोडलेले होते आणि वाचकांना ते सांगितलेले नव्हते. श्वाइट्झर यांच्या बांधकामात करवती असणारच, तेव्हा हे अगदीच असत्य नव्हते, असे म्हणता येईल. मला ते पटत नाही. ‘हे असे घडले’ असे सांगणाऱ्या चित्रात न घडलेली गोष्ट घातली की वाचकाचा सगळ्या चित्रांवरचा विश्वास उणावतो. मुंबईच्या जॉन्सन यांनी माणसांच्या मागे दुसरे दृश्य जोडले त्यात आणि या करवतीत हेतूचे अंतर मोठे आहे, पण कृती तीच आहे.

आपल्याकडे या परंपरेला वेगळे वळण मिळाले. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’साठी काढली. हे पत्र मुंबईहून निघे. भुकेने खंगलेली माणसे त्यांनी दाखवली, तशीच आदिवासी आणि कामगार यांची ताठ मानेची चित्रेही काढली. पुढच्या पिढीत दयानिता सिंग यांनी दिल्लीच्या कब्रस्तानात राहणाऱ्या मोना अहमद या तृतीयपंथी व्यक्तीची चित्रे अनेक वर्षे काढली. २००१ मध्ये त्यांचे पुस्तक आले तेव्हा त्यातला मजकूर मोना यांच्या स्वतःच्या पत्रांचा होता. चित्रातल्या माणसाने स्वतःविषयी बोलायचे, ही साधी गोष्ट व्यक्तिचित्राच्या इतिहासात किती दुर्मीळ आहे हे त्या पुस्तकाने दाखवून दिले.

मराठी वाचकाने आवर्जून पाहावी अशी कृष्णधवल मालिका सुधारक ओलवे यांची आहे. मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्याच्या ढिगात, मॅनहोलमध्ये, नाल्यात उतरलेली ही माणसे महानगराच्या नजरेला रोज पडतात आणि रोज दिसत नाहीत. रंगीत चित्र असते तर प्रेक्षकाला आधी घाणीचा रंग दिसला असता आणि किळसेने त्याने मान फिरवली असती. रंग निघून गेल्यामुळे चिखल, कातडी आणि कपडे एकाच करड्या पट्टीत येतात आणि त्यातून डोळे तेवढे उजळ उठून दिसतात. झाडू आणि घमेले ही इथे जातीने लादलेल्या कामाची चिन्हे आहेत. ती चित्रात कुणी आणून ठेवलेली नाहीत, आणि म्हणूनच ती पाहणाऱ्याला जबाबदार धरतात.

या सगळ्याला एक मोठा आक्षेप आहे आणि तो घेणारे छायाचित्रकार भारतीयच होते. रघुवीर सिंग यांनी १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’मध्ये अशी मांडणी केली की भारतीय मन रंगात विचार करते, काळ्या-पांढऱ्यातली उदासी, अपराधभाव आणि एकटेपण पश्चिमेच्या अनुभवातून आलेले आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. भंडाऱ्याचा पिवळा काढून घेतला की जेजुरीचे चित्र अर्धे उरते, हे मी वर म्हटलेच आहे. गरिबी दाखवायची तर काळे-पांढरे आणि सण दाखवायचा तर रंगीत, अशी जी वाटणी संपादकांच्या हातून होत आली तीही अन्यायाची आहे. गरिबाच्या घरातही रंग असतो. माझे उत्तर एवढेच आहे की रंग काढून टाकणे हा निर्णय आहे आणि प्रत्येक चित्रागणिक त्याचे कारण देता आले पाहिजे. ओलवे यांच्या चित्रांत ते कारण दिसते. केवळ गंभीर दिसावे म्हणून संगणकावर रंग पुसून टाकलेल्या चित्रांत ते दिसत नाही.

दुसरा आक्षेप अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅग यांचा. ब्राझीलचे सेबास्तियाओ साल्गादो यांची स्थलांतरितांवरची भव्य कृष्णधवल चित्रे पाहून त्यांनी २००३ च्या पुस्तकात विचारले की या माणसांची नावे चित्रांखाली का नाहीत. प्रसिद्धांची नावे छापायची आणि दुबळ्यांना फक्त त्यांच्या दुबळेपणाचा, व्यवसायाचा, वंशाचा प्रतिनिधी करायचे, हे त्यांना मान्य नव्हते. साल्गादो यांच्या कष्टांविषयी आणि कौशल्याविषयी मला आदर आहे, तरीही या मुद्द्यावर सॉन्टॅग बरोबर आहेत असे मी मानतो. जॉन्सन यांच्या खंडांपासून लँग यांच्या तंबूपर्यंत आपण हेच पाहिले. नाव गाळले की माणूस नमुना होतो, आणि रचना जितकी सुंदर तितका तो लवकर नमुना होतो.

तेव्हा वाचकहो, पुढची चित्रे पाहताना काही प्रश्न बरोबर ठेवा. हातातली वस्तू या माणसाची आहे की कोणी दिलेली? उजेड त्या जागेचा आहे की भाव आणण्यासाठी योजलेला? कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आहे, खाली आहे की वर? हा माणूस आपल्याकडे पाहतो आहे की त्याला कळू न देता टिपले आहे? चित्राखाली त्याचे नाव आहे का, आणि नसेल तर ते लपवण्यात त्याचे हित आहे की केवळ कोणी विचारले नाही? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोयीचे असेलच असे नाही. नाव लपवणे कधी कधी माणसाच्या सुरक्षेसाठी आवश्यक असते, आणि तेव्हा ते लपवलेच पाहिजे. पण हे प्रश्न विचारल्यावाचून प्रतीकाचा अर्थ लावायला बसलो तर आपणही माणसाला खणात ठेवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

शेवटी, कॅमेरा हाती घेणाऱ्या तरुण मराठी छायाचित्रकारांना माझी विनंती आहे. ज्याचे चित्र काढाल त्याच्याशी आधी बोला. नाव, गाव, काम आणि तारीख वहीत लिहा, आणि त्याची हरकत नसेल तर चित्राबरोबर छापा. निदान एक प्रिंट त्याच्या हाती पोहोचवा. जुन्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, बंद पडलेल्या स्टुडिओंत आणि घरांतल्या पेट्यांत आजही कितीतरी निगेटिव्ह आणि प्रिंट पडून आहेत. त्यांतल्या माणसांना ओळखणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. त्यांच्याजवळ बसून नावे विचारून घ्या आणि प्रिंटच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. हे काम यंदाच सुरू केले पाहिजे.